गणपती उठल्यावर झाडं लावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे संपत आला की आपल्या अंकात वृक्षारोपणाच्या बातम्या सुरू होतात. कुठल्या शाळेत किती खड्डे घेतले, कुठल्या मंडळानं किती रोपांचा संकल्प सोडला, प्रमुख पाहुणे कोण येणार. या बातम्या आल्या की आमचा फोन वाजायला लागतो, त्यामुळं तक्रार करायला मला खरं तर तोंड नाही. विजापूर रोडला, सोरेगावच्या अलीकडं आमची रोपवाटिका आहे. सासरे, आम्ही दोघं नवरा-बायको आणि कृषी पदविका करून आलेला मुलगा, एवढंच मनुष्यबळ. जूनमध्ये दोघी-तिघी बायका रोजंदारीनं येतात. रोपं विकूनच घर चालतं. तरी लिहिते आहे, कारण जूनमध्ये आमच्या फाटकातून गेलेल्या रोपांचं पुढं काय होतं ते गावात येता-जाता दिसतं, आणि बघवत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की सोलापुरात झाड लावायचा महिना सप्टेंबर आहे, जून नाही.

५ जूनचा पर्यावरण दिन १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेवरून आला. जुलैच्या पहिल्या आठवड्याचा वनमहोत्सव १९५० साली कन्हैयालाल मुन्शी केंद्रात कृषिमंत्री असताना सुरू झाला. दोन्ही दिवस चांगलेच. पण ते ठरवताना सोलापूरच्या आभाळाकडं कुणी बघितलेलं नव्हतं, आणि त्यांनी बघावं असं काही कारणही नव्हतं. कोकणात किंवा मावळात जूनच्या पहिल्या पंधरवड्यात लावलेलं रोप पावसात उभं राहतं, ते सप्टेंबरपर्यंत झारीचं तोंड बघत नाही. आपल्याकडं मृगाचा एखादा पाऊस दणकून पडतो, मातीचा वास सुटतो, सगळे खूश होतात. मग आर्द्रा कोरड्या जातात. पुनर्वसूत ढग नुसते पळतात. पुष्यात भुरभुर येते, तीही दुपारच्या वाऱ्यात वाळून जाते. जुलै-ऑगस्टात इथं जे पश्चिमेचं वारं सुटतं, ते नव्या रोपाला उन्हापेक्षा वाईट. जमीन वरून ओली दिसते, वीतभर खाली बोट घातलं तर धूळ. जिल्ह्याचा वर्षाचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला सगळ्यांत मोठा वाटा सप्टेंबरचा. पूर्वा, उत्तरा आणि हत्ती, म्हणजे हस्त, ही आपली खरी नक्षत्रं. हत्ती बरसला की इथं वर्ष निघतं, हे कुठल्याही शेतकऱ्याला विचारा.

शेतकऱ्याचं उदाहरण मुद्दाम देते. मंगळवेढ्याचा शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, जूनमध्ये कुणी पेरत नाही. चांगलं काळं रान खरिपात मोकळं ठेवायचं, कुळवाच्या पाळ्या घालायच्या, पडेल तो पाऊस रानात मुरवायचा आणि मग सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत मालदांडी पेरायची. तीच ज्वारी पुढं एका पावसावर किंवा पावसाशिवायही, नुसत्या मुरलेल्या ओलीवर कणसाला येते. १९३३ साली सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र सुरू झालं, ते इथल्या पावसाचा हा तऱ्हेवाईकपणा ओळखूनच. डाळिंबवालासुद्धा बाग कुठल्या हंगामात फुलावर आणायची, म्हणजे मृग बहार धरायचा, हस्त बहार धरायचा की आंबे बहार, हे आधी विहिरीत डोकावून ठरवतो. मग ज्या जिल्ह्यात ज्वारी आणि डाळिंब पाणी बघून लावतात, तिथं कडुलिंब तेवढा तारीख बघून का लावायचा?

ऑगस्टात उजनी धरण भरल्याची बातमी आपण पहिल्या पानावर छापता. छापायलाच हवी, मायनसमध्ये गेलेलं धरण वर आलं की आम्हीही पेढे खातो. पण उजनी भरते ती पुणे जिल्ह्यातल्या पावसावर, वरच्या धरणांच्या विसर्गावर. भीमा दुथडी वाहिली म्हणून सोरेगावचा माळ ओला होत नाही. शिवाय त्या पाण्यातलं आपल्या नळाला येणार काही दिवसांआड. ज्या घरात प्यायचं पाणी पिंपात मोजून वापरतात, त्या घरानं दारातल्या नव्या झाडाला जुलैच्या उघडिपीत रोज बादली घालावी अशी अपेक्षा करणं मला तरी योग्य वाटत नाही. झाडं मरतात ती लोकांना माया नसते म्हणून नव्हे. ज्या आठवड्यात झाडाला पाणी हवं असतं, त्याच आठवड्यात माणसालाही हवं असतं.

आता थोडं आमच्या बाजूचं सांगते, कारण गिऱ्हाइकाला रोपवाटिकेचं वर्ष कसं चालतं याची कल्पना नसते. फोन येतो तो असा: "ताई, परवा पाच तारीख आहे, तीनशे झाडं पाहिजेत. कडुलिंब द्या, वड द्या, काय बी द्या. पण जरा उंच द्या, फोटोत दिसली पाहिजेत." मागं एका संस्थेनं अशीच दोन दिवस आधी मागणी केली. मुलानं त्यांना दोन फुटांची, पेन्सिलीहून जाड बुंध्याची करंजाची रोपं दाखवली. नको म्हणाले. त्यांनी दुसरीकडून पाच-साडेपाच फुटी रोपं नेली, सावलीत दाटीवाटीनं वाढवलेली, काडीएवढ्या खोडाची, काठीला बांधल्याशिवाय उभी न राहणारी. नागपंचमीच्या सुमाराला मी त्या रस्त्यानं गेले, तर काठ्या उभ्या होत्या. एक रोप सहज ओढून बघितलं, हातात आलं. काळी पिशवी तशीच होती, नुसती एका बाजूनं फाडलेली. आत मुळांचं वेटोळं पिशवीच्या तळाशी गोल फिरून बसलं होतं. एकही मूळ बाहेरच्या मातीत गेलेलं नव्हतं. त्या रोपानं दोन महिने पिशवीतल्या ओंजळभर मातीवर काढले. तेवढ्या मातीवर बुंध्यात पाणी साठवणारं कुंडीतलं अडेनियम जगलं असतं, करंज कसा जगणार.

म्हणून रोप घेताना उंची विचारू नका. आमच्या धंद्यात भाव फुटावर ठरतो हे खरं, आणि ते चुकीचं आहे हेही तेवढंच खरं. बुंधा बघा. पान टवटवीत नसलं तरी चालेल, पण खोडाला हात लावल्यावर ते ताठ हवं. पिशवीच्या तळाच्या भोकातून मूळ बाहेर पडून जमिनीत घुसलेलं असेल तर ते रोप उचलताना तुटलेलं आहे, ते घेऊ नका. पिशवी ब्लेडनं उभी चिरून पूर्ण काढा आणि तळाशी गोल फिरलेली मुळं असतील तर बेधडक कापा, दया दाखवू नका.

दुसरी गोष्ट, रोप मागणी आल्यावर तयार होत नाही. कडुलिंबाचंच घ्या. निंबोळ्या ज्येष्ठ-आषाढात पिकून पडतात. निंबोळीचं बी टिकत नाही. गर धुऊन, सावलीत सुकवून दोन-तीन आठवड्यांत पेरलं तर उगवतं, डब्यात ठेवून दिवाळीला पेरलं तर हात चोळत बसायचं. म्हणजे यंदा जूनमध्ये वेचलेल्या निंबोळीचं लावण्याजोगं रोप पुढच्या पावसाळ्यात मिळणार. बहाव्याचं उलट: बी वर्षानुवर्षं टिकतं, पण त्याचं कवच इतकं टणक की घासल्याशिवाय आत पाणी शिरत नाही. सासरे अजून ओट्यावर बसून एकेक बी खरखरीत फरशीवर घासतात. वय झालंय, नको म्हटलं तर ऐकत नाहीत. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. कामावर होते ती कापडगिरणी बंद पडली तेव्हा अण्णांनी गुलाबाचे डोळे भरून आणि मोगऱ्याची छाट कलमं करून हा उद्योग सुरू केला, त्यामुळं त्यांचं म्हणणं शेवटचं.

आणि खरं सांगायचं तर देशी झाडांत पैसा नाही. करंजाच्या रोपाला आम्हाला मिळतं त्यातून पिशवी, पोयटा, शेणखत आणि वर्षभराचं पाणी वजा केलं तर हातात जे उरतं ते सांगायलाही लाज वाटते. आमचं घर चालतं अडेनियमवर.

हे झाड मूळचं पूर्व आफ्रिका आणि अरबस्तानातलं, आपल्या कण्हेर-चाफ्याच्या कुळातलं. बुंधा तळाशी फुगलेला, त्यात पाणी साठवलेलं, पानं मोजकी, फुलं पांढऱ्या-गुलाबीपासून जवळजवळ काळ्या वाटणाऱ्या तांबड्या रंगापर्यंत. चीक विषारी, आफ्रिकेत तो बाणांना लावत. त्यामुळं घरात लहान मूल किंवा दारात शेळी असेल तर आम्ही बजावूनच देतो. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांवर मनापासून खूश होणारं गावात दुसरं कोण आहे मला माहीत नाही. पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर गेला की जास्वंद माना टाकते, गुलाबाच्या कळ्या उमलायच्या आधीच करपतात, शेडनेटखाली आमचंही डोकं चालेनासं होतं, आणि हे मात्र उघड्यावर, सिमेंटच्या ओट्यावर, फुलांनी भरलेलं असतं.

त्याचं बी धरणं हे उन्हाळ्यातलं आमचं मोठं काम. फूल बाहेरून साधं दिसतं, पण आत परागकोश एकमेकांना चिकटून शंकूच्या आकारात बंद असतात. इकडची मधमाशी क्वचितच तिथं पोचते. म्हणून सकाळी ऊन चढायच्या आत फुलाची नळी एका बाजूनं हलकेच फाडायची, बारीक ब्रशाच्या टोकावर पराग घ्यायचे आणि दुसऱ्या फुलात खालून वर लावायचे. हे काम मुलगा करतो, माझा हात आता तेवढा स्थिर नाही. धरलं तर दोन शेंगा येतात, एकमेकींना पाठ लावून. शेंग पिकायला आली की धोका सुरू होतो. ती दुपारच्या उन्हात कधीही उकलते आणि आतल्या बिया, दोन्ही टोकांना रेशमी केसांचे झुपके असलेल्या, वाऱ्यावर निघून जातात. जेवायला आत गेलं तेवढ्यात महिनोन् महिन्यांचं काम शेजारच्या प्लॉटवर. म्हणून शेंग फिकट पडायला लागली की तिच्याभोवती सूत गुंडाळायचं, फार आवळायचं नाही. सूत आम्हाला विकत आणावं लागत नाही. गावाच्या पूर्व भागात ओळखीचे यंत्रमागवाले आहेत, टॉवेलच्या मागावरचं तुटकं सूत ते पिशवी भरून देतात. ते असतं रंगीबेरंगी, आणि मुलानं त्याचीच वही केली आहे: तांबडं सूत म्हणजे गडद फुलाच्या आईची शेंग, पिवळं म्हणजे दुहेरी पाकळीची, हिरवं म्हणजे अजून भरवसा नाही. ओट्यावर उभं राहिलं की कुठल्या झाडाचं काय चाललंय ते लांबून कळतं. बी पेरलं की आठवड्याभरात उगवून वर येतं, मात्र ते गरम हवेतच. हिवाळ्यात पेरलं तर बसून राहतं आणि कुजतं.

डिसेंबर-जानेवारीत अडेनियम पानं गाळतं. होम मैदानावर सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा भरतो, नंदीध्वजांच्या मिरवणुका निघतात, आणि आमच्याकडं 'मेलेली' अडेनियमं परत यायला लागतात. "पाणी तर रोज घालायलोय की ताई, तरी पानं गळायलेत बघा." रोज घालायलाय, म्हणूनच तर भीती. आम्ही बुंधा दाबून बघतो. कडक लागला तर झोपलंय, कोपऱ्यात ठेवा, संक्रांत होऊ दे, थंडी सरू दे, मग पाणी. बोट आत गेलं तर कुजलंय; कुजका भाग स्वच्छ कापून, जखम आठवडाभर वाळवून, नशीब असेल तर वाचतं. फेब्रुवारीत आम्ही सगळ्या कुंड्या उलट्या करतो, मुळं थोडी वर उचलून नव्या मिश्रणात बसवतो, फांद्या छाटतो, कलमं बांधतो. त्या महिन्यात आमच्या घरात कुणाच्याही हाताला चिकाचा डाग नाही असं होत नाही.

बाकी वर्ष सणांवर पळतं. वटपौर्णिमेला हल्ली फांदीऐवजी कुंडीतला वड मागतात, चांगलंच आहे, पण नंतर तो वड चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत जातो आणि पुढं काय करायचं म्हणून आम्हालाच विचारतात. आषाढीला तुळस, पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, पालख्या जवळ आल्या की तुळशीच्या पिशव्या पुरत नाहीत. श्रावणात बेल. दसऱ्याला आपटा आणि शमी, तेही आता रोप म्हणून नेणारे वाढलेत. कोजागिरीला निम्मं सोलापूर तुळजापूरला चालत निघतं, तेव्हा आम्ही गुलाबाची छाटणी संपवण्याच्या मागं असतो.

या सगळ्यात कडियमचे ट्रक येतात ते वेगळेच. आंध्रात गोदावरीच्या काठी कडियमला रोपवाटिकांचा फार मोठा पसारा आहे, देशभर माल जातो, आपल्या गावातल्या बऱ्याच नर्सऱ्यांत तिथलाच माल असतो; आम्हीही शोभेची काही झाडं आणतो. माल देखणा असतो. पण ते झाड गोदावरीच्या दमट हवेत वाढलेलं असतं आणि मेमध्ये थेट इथं उतरतं. पंधरा दिवस सावलीत, मग अर्ध्या सावलीत, मग उन्हात असं सरावून न घेता विकलं की आठवड्यात पानांच्या कडा जळतात. त्यात बोअरचं खारं पाणी. आमच्या जुन्या कुंड्यांच्या काठांवर पांढरी खपली बसते, ती बघितली की लोक विचारतात चुना लावलाय का.

मूळ मुद्द्यावर येते. जून नको म्हटल्यावर दोन-तीन शंका हमखास निघतात.

पहिली अशी की सप्टेंबरात लावलं तर रोपाला वाढायला वेळ कुठं मिळतो, लगेच हिवाळा आणि मग उन्हाळा. पण नव्या रोपाला वर वाढायची घाई नसते, खाली जायची असते. सप्टेंबरात जमीन खोलवर भिजलेली असते. ऑक्टोबरचे काही दिवस चटका बसतो, त्यानंतर फेब्रुवारीपर्यंत ऊन सौम्य, वारं कमी, पाण्याचं उडणं कमी. आठवड्याला एक बादली घातली तरी भागतं, आणि ती बादली त्या दिवसांत घरात असते. मार्च येईपर्यंत मूळ खाली गेलेलं असतं. जूनमध्ये लावलेल्याला मात्र मूळ फुटायच्या आतच उघडीप गाठते. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावंच लागतं, त्यातून कुणाची सुटका नाही, कधीही लावा.

दुसरी शंका काळ्या मातीची. शहराच्या बऱ्याच भागात काळी चिकण माती आहे. ही माती ओली असते तेव्हा फुगते, वाळली की भेगाळते. जुलैच्या उघडिपीत या भेगा रोपाच्या आळ्यातून आरपार जातात आणि कोवळी मुळं त्यात तुटतात, नुसती सुकत नाहीत. म्हणून खड्डा उन्हाळ्यातच घ्या, दोन फूट बाय दोन फूट तरी, महिनाभर ऊन खाऊ द्या, आणि भरताना काळी माती तशीच न टाकता तिच्यात मुरूम आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा. वर वाळल्या पानांचं किंवा उसाच्या पाचटाचं आच्छादन घाला. पाचट आपल्या जिल्ह्यात मागाल तितकं मिळतं, लोक पेटवून देतात.

तिसरी शंका कार्यक्रमाची. ५ जूनला मग शाळेनं काय करायचं? खड्डे घ्या. निंबोळ्या वेचा. बाभळीच्या, हिवराच्या, बहाव्याच्या शेंगा गोळा करा, मुलांना हातानं बी काढू द्या, पिशव्या भरा, पेरा. भाषणं हवीत तर तीही त्याच दिवशी करा, रोपाच्या मुळाशी करू नका. आणि लावणी करा गणपती उठल्यावर ते दसऱ्याच्या आत. मंडळांनी याचा जरूर विचार करावा. त्या दिवसांत कार्यकर्ते एकत्र असतात, ट्रॅक्टर दारात उभा असतो, वर्गणीतलं थोडं उरलेलंही असतं. सोलापुरात मंडळांची कमी नाही. प्रत्येकानं आपल्या गल्लीपुरती दहा झाडं लावून दोन उन्हाळे सांभाळली तरी पुष्कळ. एखाद्या वर्षी मृग खरंच चांगला लागला आणि दारात बोअर असेल तर जूनमध्येही बेलाशक लावा. माझा विरोध बिनपाण्याच्या जूनला आहे.

काय लावायचं हेही सांगून टाकते. रस्त्याकडेला कडुलिंब, करंज. मोकळ्या जागेत चिंच, वड, हिवर. अंगण लहान असेल तर बहावा, आपटा, बेल, सीताफळ. बोर लावा, बोरीला आपल्याकडं उगीच गावंढळ ठरवलंय. गुलमोहर मादागास्करचा, फुलतो सुरेख, पण वळवाच्या वाऱ्यात त्याच्या फांद्या मोडून गाड्यांवर पडतात. कोनोकार्पस हे परदेशी झाड तर नकोच. लवकर हिरवा दिसतो म्हणून दुभाजकांत लावतात, गुजरात सरकारनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली ती उगाच नाही. अडेनियमही परदेशी आहे, असं कुणी म्हणेल. आहे. ते कुंडीत राहतं.

आणि सगळीकडं झाडं लावायची असतात असंही नाही. आपल्या जिल्ह्यातलं नान्नजचं माळढोक पक्ष्याचं अभयारण्य १९७९ साली झालं. त्या भागातलं उघडं गवताळ रान दिसायला ओसाड वाटतं, पण ते तसंच असायला हवं. माळढोकाला, धाविक पक्ष्याला, काळविटाला लांबवर मोकळं बघता येणारं रान लागतं. तिथं कुणी हौसेनं रोपांचा ट्रक घेऊन निघालं तर आम्ही रोपं देत नाही.

संस्थांना एक विनंती आहे. रोपं हवी असतील तर आदल्या वर्षी सांगा आणि थोडा इसार द्या. कुठल्याही रोपवाटिकेला द्या, आमच्याचकडं या असं अजिबात नाही. इसार हातात असला की आम्ही मोठ्या पिशव्या घेऊ शकतो, बी वेळेवर वेचू शकतो, रोप दुसऱ्या वर्षापर्यंत उन्हात उभं करून राठ करू शकतो. दोन दिवस आधी फोन करून मिळतं ते बाजारात न खपलेलं रोप. आपल्यालाही एक विनंती. लावणीचा फोटो जूनमध्ये छापा, हरकत नाही, पण त्याच जागी पुढच्या मेमध्ये आपला वार्ताहर पुन्हा पाठवा आणि तोही फोटो तेवढ्याच आकारात छापा.

पत्र लांबलं आहे. छाटायचं तर अडेनियमचा भाग छाटा, सप्टेंबरचा ठेवा.

यंदाच्या सप्टेंबरात ज्यांना लावायचं आहे त्यांनी आत्ताच जवळच्या रोपवाटिकेत जाऊन रोपं बघून, बुंधे तपासून, सांगून ठेवावीत. नुसतं बघायला पैसे पडत नाहीत. फक्त संध्याकाळी पाचनंतर जा. उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार आम्ही कुणालाच रोप देत नाही, मोटारसायकलवरून विजापूर वेशीपर्यंत नेईस्तोवर वाऱ्यानं त्याची पानं भाजून निघतात, आणि मग दुसऱ्या दिवशी ते परत येतं.

आपली,
एक रोपवाटिकावाली
विजापूर रोड, सोलापूर
(नाव सोबत वेगळ्या कागदावर दिलं आहे, ते छापू नये ही विनंती.)